बोटीच्या इंजिनचा डिझेल फिल्टर जाम झालाय? पाना लावायच्या आधी हे वाचा

आमच्या मामांची फायबरची बोट आहे उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या पुढे. मूळची ती कोकणातली, हर्णैच्या बाजूला समुद्रात चालायची, मामांनी ३ वर्षांपूर्वी जुनी घेतली आणि ट्रकवर टाकून घाटावर आणली. आत दोन सिलेंडरचं इनबोर्ड डिझेल इंजिन आहे. मी पुण्यात धायरीला राहतो आणि भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला आहे त्यामुळे बोटीचं काही झालं की फोन मलाच येतो. आणि ह्या ३ वर्षांत सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी आले, इंजिनवरचा डिझेल फिल्टर निघत नाहीये. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी मी ठरवलं की आता नुसता काढायचा नाही, तो दर वेळी का अडकतो हे शोधायचं, आणि ते सापडलं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो, हे काम टाळू नका. फिल्टर चोंदला की इंजिन रिकामं चालताना छान चालतं पण लोड आला की दम सोडतं, रेस दिली तरी आवाज वाढत नाही, मग आचके देत बंद पडतं. रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते, धरणाच्या मधोमध बोट बंद पडली की वारा नेईल तिकडे जायचं. उजनीचं पाणी लांबून शांत दिसतं पण वारा सुटला की लाटा कशा उठतात ते तिथल्या माणसाला विचारा. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण गेले. तिथे कारण वारा होता, पण अशा वाऱ्यात इंजिन हाताशी नसेल तर काय होईल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून "निघत नाहीये तर राहू दे, अजून एक सीझन काढू" असं करू नका.

आता कुठला फिल्टर ते स्पष्ट करतो कारण बोटीत बहुतेक वेळा दोन असतात. पहिला टाकीजवळ, खाली काचेची किंवा पारदर्शक वाटी असलेला, तो पाणी वेगळं करतो. तो सहसा त्रास देत नाही. दुसरा इंजिनवर, पत्र्याचा डबा, आट्यांवर फिरवून बसवायचा, खाली लोंबकळत असतो. अडकतो तो हा. जुन्या इंजिनांना आणि ट्रॅक्टरला दोन वाट्यांचा, मधून बोल्ट असलेला प्रकार येतो, त्याला एवढा त्रास नसतो, वरचा बोल्ट नीट बॉक्स पान्याने खोलला की वाटी सुटते. फक्त बोल्टखालचा वायसर हरवू नका. पुढचं सगळं पत्र्याच्या डब्याबद्दल आहे.

सगळ्यात पहिली चूक, जी आमच्याकडे झाली आणि मला वाटतं निम्म्या लोकांकडे होत असेल, ती म्हणजे दिशा. आटे नेहमीचेच, उजवे असतात, उलटं फिरवलं की सुटतं. पण उलटं म्हणजे कुठून बघून? डबा खाली लोंबतोय, म्हणजे डब्याच्या बुडाकडून, खालून वर बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. आता बोटीत खालून बघायला जागाच नसते, आपण इंजिनच्या पेटीवर पालथे पडून वरून हात घालतो. वरून बघताना तोच डबा घड्याळाच्या दिशेनेच फिरवावा लागतो तेव्हा सुटतो! मामांचा मुलगा पहिल्या वर्षी पालथा पडून, घाम गाळून, पट्टा लावून अर्धा तास ताकद लावत होता आणि तो डबा अजून अजून आवळत होता. मला व्हिडिओ कॉलवर दिसलं तेव्हा कळलं. तोपर्यंत पत्रा मधून चेपला होता. म्हणून आता मी डब्यावर आणि जवळच्या ब्रॅकेटवर पांढऱ्या मार्करने मोठा बाण काढून ठेवलाय, "वरून बघताना इकडे सुटेल" असं लिहून. तुम्ही पण आजच काढा, फिल्टर चांगला असला तरी काढा. नीट जमत नसेल तर एक झाकणवाली बाटली घ्या, सरळ उभी धरा, झाकण वर धरून ठेवा आणि बाटली फिरवून बघा, लगेच डोक्यात बसतं.

दुसरी गोष्ट, डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलाचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवायचा सल्ला सगळे देतात. मी पण दोन वेळा मारला. पण जरा विचार केला तर कळतं की ह्या फिल्टरचे आटे आत असतात आणि त्यांच्या बाहेरून रबराची रिंग बसलेली असते. म्हणजे बाहेरून मारलेलं तेल आट्यांपर्यंत पोचायला वाटच नाही, ती रिंग आहेच कशाला, काही आत-बाहेर जाऊ नये म्हणून. आटे तसेही डिझेलमध्येच भिजलेले असतात, ते गंजून धरत नाहीत. धरते ती रिंग. रबर कोरडं बसवलेलं असतं, वरून जास्त आवळलेलं, मग इंजिन तापतं थंड होतं तापतं थंड होतं, ते रबर चपटं होऊन वरच्या हेडच्या, म्हणजे डबा ज्या भागावर बसतो त्याच्या, ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, अगदी सोल्युशन लावल्यासारखं. आणि आमच्या बोटीला त्यावर खाऱ्या पाण्याचा गंज आणि रंग, ते पुढे सांगतो. तर तेल मारायचं असेल तर मारा, कडेचा गंज सुटायला थोडी मदत होते, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

काढायच्या आधीची तयारी मी आता न चुकता करतो. टाकीचा कॉक बंद. टाकी फिल्टरपेक्षा वर असेल तर कॉक विसरलात की डबा सुटल्या सुटल्या अख्खी टाकी बोटीच्या पोटात यायला लागते. मग बॅटरीचा स्विच बंद, आणि पोटातलं पाणी बाहेर फेकणारा पंप ऑटोवर असतो तो पण बंदच पाहिजे, हे फार महत्त्वाचं आहे. डबाभर डिझेल सांडलं आणि पंप आपोआप चालू झाला तर ते सगळं धरणात जाणार. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं, आसपासच्या गावांचे मासे त्यात आहेत, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, आणि पाण्यावर डिझेलचा तवंग केवढा पसरतो हे एकदा बघितलं की माणूस आयुष्यभर सांभाळून वागतो. सांडलंच तर जुन्या चिंध्या, कापूस वेस्ट, लाकडाचा भुसा ह्यांनी टिपून पिशवीत भरून किनाऱ्यावर आणा. भांड्याचा साबण टाकून धुऊ नका, त्याने तवंग डोळ्यांना दिसेनासा होतो एवढंच, डिझेल बारीक थेंब होऊन पाण्यात राहतंच.

डब्याखाली मी लिटरची दुधाची पिशवी, वरून कापलेली आणि धुऊन वाळवलेली, खालून वर चढवतो आणि रबर बँडने डब्याला अडकवतो. डबा फिरताना पिशवी पण फिरते, सुटल्यावर डिझेलसकट डबा पिशवीत येतो. आधी मी बाटली कापून धरायचो, त्यात निम्मं बाहेर जायचं.

आणि आग. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, कमीत कमी ३५ अंश सेल्सिअस असावा अशी अट आहे. एप्रिलमध्ये भिगवणला दुपारी सावलीत किती असतं आणि झाकलेल्या इंजिनच्या पेटीत किती असेल ते तुम्हीच बघा. म्हणून बर्नर, हीट गन, ग्राइंडर ह्यातलं काहीही तिथे नको, कितीही घाई असली तरी.

आता खरंच काढायचा कसा.

इंजिन चालू होत असेल तर आधी ५-१० मिनिटं चालवा आणि बंद करा. कोमट झालं की रबर मऊ पडतं आणि धरलेलं सोडायला तयार होतं, हात भाजेल इतकं गरम नको. इंजिन चालूच होत नसेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं हेडभोवती, म्हणजे डबा जिथे बसतो त्या ॲल्युमिनियमच्या भागाभोवती गुंडाळा, दोन तीन वेळा बदला. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, रिंगची पकड त्याने सैल व्हायला मदत होते.

मग डबा पूर्ण पुसा. तेलकट डब्यावर कुठलाही पट्टा घसरणारच. पुसल्यावर जाड पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू पत्र्याकडे करून डब्याभोवती गुंडाळा आणि आधी नुसत्या हाताने प्रयत्न करा. हसू नका, दुसऱ्या वेळी जो फिल्टर मेकॅनिकला पट्ट्याने निघत नव्हता तो पाव इंच ह्याच पद्धतीने हलला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पण चालतो.

हाताने नाही झालं तर पट्टा पाना. पट्टा पाना पुण्यात बोहरी आळीत कुठेही मिळतो, कापडी पट्ट्याचा घ्या. पट्टा लावायचा कुठे हे महत्त्वाचं आहे, मधोमध नाही. मध्ये पत्रा सगळ्यात कमजोर, तिथे चेपतो आणि एकदा चेपला की गोलाई गेली मग पकडच बसत नाही. वर, हेडच्या अगदी जवळ, जिथे पत्रा दुमडून जाड झालेला असतो तिथे लावा. आणि ताकद हळूहळू वाढवत नेऊ नका, एक छोटा झटका, थांबा, परत झटका. चिकटलेलं रबर हळू ताकदीला ताणून धरतं आणि झटक्याला सुटतं, कोणीही मेकॅनिक सांगेल. मधे मधे हातोडीच्या लाकडी दांड्याने वरच्या कडेला चारही बाजूंनी टकटक करा. आणि दुसऱ्या हाताने हेड धरून ठेवा! हे राहून जातं. हेड ॲल्युमिनियमचं ओतीव असतं, दोन बोल्टवर लटकतं आणि त्याला डिझेलचे पाईप जोडलेले असतात, सगळी ताकद त्या दोन बोल्टांवर आणि पाईपांवर गेली तर हेडच तडकेल. फिल्टर काही शे रुपयांचा आणि हेड मिळायला आठवडे.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. पत्रा चेपला होता म्हणून कोणीतरी सुचवलं की स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून त्याच्या दांड्याने फिरवा. ऑइल फिल्टरला लोक करतात, कधी कधी होतं. डिझेल फिल्टरचा पत्रा त्यामानाने पातळ. ठोकला, आतलं डिझेल सगळं मनगटावरून कोपरापर्यंत आलं, फिरवायला गेलो तर पत्रा साबुदाण्याच्या पापडासारखा फाटत गेला, डबा तिथेच आणि भोक मोठं मोठं होत गेलं. शेवटी कात्रीने पत्रा कापून काढावा लागला आणि वर नुसती जाड चकती उरली, जिला आटे असतात. चकतीला आजूबाजूला छोटी छोटी भोकं असतात, त्यात बोथट छिन्नीचं टोक अडकवून सुटायच्या दिशेने हळूहळू ठोकत फिरवली तेव्हा निघाली. तेही करताना एक ठोका चुकला आणि हेडच्या तोंडावर, जिथे रिंग बसते त्या गुळगुळीत भागावर चरा पडला. तो चरा पुढे ६ महिने थेंब थेंब हवा घेत होता, त्याची वेगळी कहाणी. स्क्रू ड्रायव्हर ठोकायचाच असेल तर सगळे उपाय संपल्यावर, डबा आधी रिकामा करून, आणि अगदी वर नको कारण तिथे मधला स्टड, म्हणजे डबा ज्यावर फिरवून बसतो तो आट्यांचा दांडा असतो, त्याच्या आट्यांना लागलं तर काम अजून वाढलं.

दुसऱ्या वर्षी मी नव्हतो, मामांनी जवळचा एक मेकॅनिक बोलावला, त्याने चेन पान्याने काढला आणि नवीन लावला. काढला ते चांगलंच, पण लावताना पण त्याने चेन पानाच वापरला. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या वेळी, मागच्या मार्चमध्ये, मी शनिवारी सकाळी पुण्याहून निघालो, सोलापूर रोडने साधारण १०० किलोमीटर, ९ वाजता बोटीवर. अर्धा तास पॉलिश पेपर, पट्टा, गरम फडकं सगळं करून बघितलं. ढिम्म. पट्टा पाना फिरवायला जागा किती, तर एका बाजूला बोटीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्टार्टर, मध्ये जेमतेम वीतभर. ताकद लावायला कोपर मागे न्यावं तर पाठीला पेटीची कड लागते. तेव्हा डोक्यात आलं की आपण चुकीच्या जागी भांडतोय. डबा हेडमधून काढायचाच कशाला, डब्यासकट हेडच खाली काढू ना.

आणि हेच मला सगळ्यात ठासून सांगायचंय. बोटीत जागा नसेल तर फिल्टरशी कुस्ती करू नका, अख्खं हेड काढा. आमच्या इंजिनला हेड ब्रॅकेटला दोन बोल्टांनी लावलंय, १३ चे. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन पाईप, बँजो बोल्टवर (ज्यांच्या आतून डिझेल जातं असे पोकळ बोल्ट). कुठला पाईप कुठे ते आधी मोबाइलवर फोटो काढला आणि येणाऱ्या पाईपला लाल दोरा बांधला. बँजो बोल्ट सैल केले, पाईपांच्या तोंडाला लगेच प्लास्टिकची पिशवी बांधली कारण आता कचरा गेला तर तो सरळ पंपात आणि पंपातून नोझलमध्ये जाणार, तिथे फिल्टर नाही. दोन बोल्ट काढले आणि १५ मिनिटांत ते सगळं ओझं हातात. ज्याच्याशी ३ वर्षं पालथं पडून झगडलो ते!

किनाऱ्यावर एका फॅब्रिकेशनवाल्याकडे वाईस होता. हेड वाईसमध्ये धरताना दोन्ही बाजूंना लाकडाच्या चिपा लावल्या, ॲल्युमिनियम आहे, थेट आवळलं तर दात उमटतात आणि जास्त आवळलं तर फुटतं. डबा तर फेकायचाच होता त्यामुळे वर, दुमडीजवळ चेन पाना लावला, आणि उभं राहून, पूर्ण हात लांब करून एकच झटका. कर्र आवाज आला आणि सुटला. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

मग तिथेच बसून मी त्या डब्याकडे नीट बघितलं. रिंग चपटी झाली होती, मूळ गोल होती ती पट्टीसारखी, कडेने डब्याच्या बाहेर आलेली. नखाने दाबली तर खड्डा पडत नव्हता, प्लास्टिकसारखी कडक. तेलाचा किंवा डिझेलचा हात लावून बसवल्याची काही खूण नाही, रिंगचा एक पापुद्रा कोरडाच हेडला चिकटून राहिलेला. डब्याच्या वरच्या कडेला चेनच्या दातांचे दोन प्रकारचे ओरखडे, माझे एका दिशेने ताजे चकचकीत आणि त्यांच्याखाली उलट्या दिशेचे जुने, गंजलेले. म्हणजे लावताना आवळल्याचे. आणि हेडच्या कडेला, डबा टेकतो त्या फटीत, हिरव्या रंगाचा जाड थर. बोट विकायच्या आधी कोणीतरी इंजिन छान दिसावं म्हणून सगळ्यावर स्प्रे मारला होता, फिल्टर काढायचे कष्ट न घेता. त्या रंगाखाली कोकणातल्या खाऱ्या हवेचा गंज. पहिला फिल्टर का निघत नव्हता ते तिसऱ्या वर्षी कळलं, आणि नंतरचे दोन का निघाले नाहीत ते पण कळलं. पहिला रंगामुळे आणि गंजामुळे, पुढचे दोन लावणाऱ्याच्या हातामुळे, आणि त्यातला एक लावणारा हात आमच्या घरचाच होता कारण पहिल्या वेळी नवीन फिल्टर मामांच्या मुलाने पट्टा पान्याने "गळू नये म्हणून" दाबून आवळला होता. त्याला दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर लावायची पद्धत. हेडचं तोंड फडक्याने पुसा, जुन्या रिंगचा तुकडा राहिलाय का बोट फिरवून बघा. कधी कधी अख्खी जुनी रिंगच वर चिकटून राहते आणि नवीन तिच्यावर बसते, दोन रिंगा झाल्या की एकतर गळतं नाहीतर हवा घेतं, आणि माणूस गळतंय म्हणून अजून आवळतो. चिकटलेलं रबर प्लास्टिकच्या तुकड्याने खरवडा, जुनं एटीएम कार्ड उत्तम, पातं किंवा छिन्नी नको. कडेचा रंग, गंज तारेच्या ब्रशने काढा पण आधी मधल्या भोकांना चिंधी लावा. मग नव्या रिंगला स्वच्छ डिझेल किंवा इंजिन ऑइल बोटाने गोल लावा, ग्रीस नाही. आट्यांवर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की थांबा, डब्यावर आणि हेडवर मार्करने एक रेघ ओढा आणि तिथून पुढे हातानेच पाऊण फेरा. बस. डब्यावर अर्धा किंवा एक फेरा असं काही छापलं असेल तर तसं करा. पाना लावायचाच नाही. हाताने पाऊण फेरा आवळलेला फिल्टर गळत नाही, गळला तर आवळायच्या आधी दुसरं काहीतरी चुकलंय, उघडून बघा. आम्ही जो चरा पाडला होता तो मी सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, डिझेल टाकून हेडचं तोंड हळूहळू घासून काढला, हेड बाहेर होतं म्हणूनच ते शक्य झालं.

डबा आधी डिझेलने भरून लावावा का यावर दोन मतं आहेत. भरायचाच असेल तर मधल्या मोठ्या भोकातून अजिबात ओतू नका, ती स्वच्छ बाजू, तिथून गेलेलं गाळलं न जाता पंपात जातं. कडेच्या छोट्या भोकांतून ओता. मी रिकामाच लावतो आणि हातपंपाने भरतो, थोडा वेळ लागतो पण मन शांत राहतं.

बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवीन टाका. भिगवणला तेव्हा मिळाले नाहीत म्हणून मी जुनेच गॅसवर लाल करून पाण्यात टाकले, तांबं असं परत मऊ होतं आणि नीट बसतं. हे अर्थात किनाऱ्यावर, घरात, बोटीपासून लांब.

आता एअर. लाईनमध्ये हवा राहिली की डिझेल इंजिन चालू होत नाही, झालं तरी बंद पडतं. टाकीचा कॉक उघडा, हेडवरचा छोटा स्क्रू दोन फेरे सैल करा, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हातातला लिव्हर चालवत राहा. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत धीर धरा आणि चालू धारेतच स्क्रू बंद करा. मग पंपावरचा स्क्रू असेल तर तसंच. एवढ्यावर चालू नाही झालं तर नोझलच्या पाईपांचे नट, आमच्याकडे १७ चे, अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारायचा आणि डिझेल आलं की आवळायचं. तिथे हात किंवा तोंड जवळ नेऊ नका, त्या पाईपमधलं प्रेशर कातडीत घुसतं.

आणि इथे बोटीची एक खास अडचण आहे जी गाडीच्या किंवा शेतीच्या इंजिनच्या मेकॅनिकला माहीत नसते. बोटीचं इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी आत घेतं आणि बऱ्याच बोटींमध्ये तेच पाणी सायलेन्सरमधून धुरासोबत बाहेर टाकतं. इंजिन चालू न होता तुम्ही नुसता स्टार्टर मारत राहिलात तर पंप पाणी घेत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचं प्रेशर नसतं. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलेंडरमध्ये येतं. मग कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून एअर काढताना बाहेरचं पाणी घेणारा कॉक बंद ठेवा, स्टार्टर १० सेकंदांपेक्षा जास्त एका वेळी मारू नका, मधे थांबा. इंजिन पकडलं की लगेच, त्याच क्षणी, कॉक उघडा, नाहीतर पाण्याच्या पंपातलं रबराचं चक्र कोरडं फिरून जळतं. माझी पद्धत अशी की बोटीची किल्ली त्या कॉकच्या दांड्याला दोरीने बांधून ठेवतो, एक माणूस स्टार्टरवर आणि दुसरा हात कॉकवर ठेवून बसलेला.

फिल्टर घ्यायला जाताना जुना डबा सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेत, तिथे काउंटरवर नवीन आणि जुना शेजारी ठेवून आटे, रिंगचा घेर आणि उंची तीन्ही बघून घ्या. आटे जुळले म्हणून फिल्टर तोच असं नसतं, ऑइल फिल्टर पण तसाच दिसतो आणि तसाच बसतो पण आतून वेगळा असतो. तसं डिझेल इंजिनच्या बाबतीत पुण्याच्या माणसाचं नशीब चांगलं, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून इथे आहे, खडकीला, त्यामुळे इंजिन समजणारी जुनी माणसं आणि सामान दोन्ही शोधलं की मिळतं. दोन घ्या, एक बोटीत कोरड्या डब्यात पट्टा पाना, १३ आणि १७ चा पाना, तांब्याचे वायसर आणि दुधाच्या पिशव्यांसोबत ठेवा.

कधी कधी डबा सुटताना मधला स्टड पण त्याच्यासोबत बाहेर येतो. घाबरू नका. दोन नट एकमेकांवर आवळून स्टड डब्यातून काढा, दोन्ही बाजूचे आटे स्वच्छ करा, हेडकडच्या बाजूला लॉकटाईटचा (आटे धरून ठेवणारा गोंद) थेंब टाकून परत बसवा आणि सुकायला वेळ द्या. तसाच सैल ठेवला तर पुढच्या वेळी फिल्टर लावताना रिंग नीट दबते आहे की स्टड आत जातोय तेच कळत नाही.

ह्या दिवाळीत मामांनी फिल्टर बदलला, मी नव्हतो. पालथं पडून, बाण बघून, पॉलिश पेपर गुंडाळून, नुसत्या हाताने. मला फोटो पाठवला, रिंग मऊ आहे, बोटाने दाबल्याचा खड्डा दिसतोय, डब्यावर मार्करने तारीख आणि इंजिनचे तास लिहिलेत. डब्यातल्या डिझेलच्या तळाशी मात्र काळा चिकट गाळ दिसला, म्हणजे टाकीत पाणी साचत असावं. पुढच्या खेपेला टाकी खालून उघडून बघायची आहे.